सूर्याचा चढउतार आणि ओझोनचें कवच

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर भागांत, तुमसर तालुक्यांत, चिखला हें खाणीचें गांव आहे. येथील भूमीच्या पोटांत मँगनीजचें खनिज सांपडतें आणि बोगदे खणून तें वर आणण्याचें काम चालतें. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, साडेएकवीस अंश अक्षांशाच्या आसपास हें गांव वसलेलें असल्यामुळें वर्षांतून दोन वेळां, मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास, भर दुपारीं सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या माणसाची सांवली त्याच्या पायांखालीं नाहींशी होते. जुलैचा सूर्य बहुधा मेघांआड असतो. मे महिन्यांतील सूर्य मात्र थेट अंगावर येतो. बोगद्यांत काम करणाऱ्याच्या डोक्यावर खडकाचें छत असतें. परंतु वर उघड्यावर राबणाऱ्या माणसाच्या डोक्यावर कोणतें छत असतें, असें विचारल्यास ‘कांहींच नाहीं’ असेंच उत्तर कोणीहि देईल. तें उत्तर खरें नव्हे. त्याच्या डोक्यावरहि एक छत आहे. तें डोळ्यांना दिसत नाहीं. आणि नवल असें कीं, ज्या सूर्यापासून तें रक्षण करतें त्या सूर्यानेंच तें बांधलेलें आहे.

हें छत म्हणजे ओझोन वायूचा थर होय. साध्या प्राणवायूच्या रेणूंत दोन परमाणु असतात. ओझोनच्या रेणूंत तीन. एका परमाणूची ही भर लहानशी दिसते, तथापि तिच्यामुळें वायूचा स्वभावच पालटतो. बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनीं १८४० सालीं या वायूला त्याच्या उग्र वासावरून नांव दिलें. पुढें १८८० च्या सुमारास हार्टली या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, सूर्यप्रकाशांतील जांभळ्या रंगापलीकडचे जे अदृश्य किरण, म्हणजे अतिनील किरण, त्यांपैकीं अत्यंत तीव्र किरण भूमीवर पोहोंचतच नाहींत, याचें कारण ओझोन होय. हे किरण अडले नसते, तर कातडी भाजणें, डोळ्यांत मोतीबिंदु होणें, त्वचेचा कर्करोग जडणें आणि पिकांची वाढ खुंटणें हे प्रकार कितीतरी अधिक झाले असते.

एवढें मोठें काम करणारें हें छत किती जाड असावें? वातावरणांत १५ किलोमीटरपासून ५० किलोमीटरपर्यंतच्या ज्या भागास स्थितांबर म्हणतात, त्यांत बहुतेक ओझोन विरळपणें पसरलेला आहे. तो सगळा गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाखालीं आणला, तर पृथ्वीवर त्याचा सरासरी अवघा ३ मिलिमीटर जाडीचा थर होईल. चिखल्यासारख्या मध्य भारतांतील ठिकाणीं ही जाडी अडीच ते तीन मिलिमीटरांच्या दरम्यान असते. जाड पुठ्ठ्याएवढें हें छत मोजण्याचें माप ऑक्सफर्डच्या डॉब्सन यांच्या नांवानें ओळखलें जातें. १०० डॉब्सन म्हणजे १ मिलिमीटर.

या मापनाचा भारताशीं असलेला संबंध जुना आहे. डॉब्सन यांनीं आपलीं उपकरणें १९२८ सालीं जगांत ज्या मोजक्या ठिकाणीं पाठविलीं, त्यांत कोडाईकनाल हें एक होतें. सूर्याच्या निरीक्षणासाठीं तेथें १८९९ सालीं वेधशाळा स्थापन झालेली होतीच. म्हणजे एकाच टेकडीवरून सूर्याची आणि ओझोनचीहि पाहणी होऊं लागली. पुण्यास भारतीय हवामान खात्याचें मुख्य ठाणें होतें. त्या खात्याचे प्रमुख सर चार्ल्स नॉर्मंड हे निवृत्तीनंतर ऑक्सफर्डला जाऊन डॉब्सन यांच्या कामांत सहभागी झाले. त्याच खात्यांत काम केलेले के. आर. रामनाथन आणि करंदीकर यांनीं विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांवर कोणत्या उंचीवर किती ओझोन असतो, यासंबंधीं १९४९ सालीं निबंध प्रसिद्ध केला. पुढें पुण्यासच भारतीय बनावटीचें ओझोनमापक तयार झालें, आणि तें फुग्याला बांधून आकाशांत सोडण्याची पद्धत येथें रुजली.

आतां हें छत सूर्य कसें बांधतो तें पाहूं. १९३० सालीं सिडनी चॅपमन या इंग्रज गणितज्ञानें त्याची उपपत्ति मांडली. प्रकाशाच्या लाटांची लांबी नॅनोमीटरमध्यें मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. २४२ नॅनोमीटरहून आंखूड लाटांचा अतिनील किरण प्राणवायूच्या रेणूवर आदळला म्हणजे त्या रेणूचे दोन तुकडे होतात. मोकळा झालेला एकेक परमाणु शेजारच्या प्राणवायूच्या रेणूस जाऊन चिकटतो आणि ओझोन तयार होतो. या ओझोनवर थोड्या लांब लाटांचा किरण पडला कीं तो फुटतो. परंतु सुटलेला परमाणु बहुधा पुन्हां दुसऱ्या रेणूस चिकटून नवा ओझोन उभा राहतो. या घडण्या-मोडण्यांत किरणाची शक्ति उष्णतेच्या रूपानें खर्चीं पडते, आणि खालच्या माणसापर्यंत ती पोहोंचत नाहीं. तात्पर्य, हें छत दगडी छतासारखें स्थिर नाहीं. नदीच्या प्रवाहाप्रमाणें तें सतत वाहतें आहे. जितकें घडतें तितकें मोडतें, म्हणून तें टिकल्यासारखें दिसतें.

या बांधकामास लागणारा प्राणवायूहि पृथ्वीवर प्रथमपासून नव्हता. चिखल्याचा खडकच त्या जुन्या काळाची साक्ष देतो. येथील मँगनीज शंभर कोटी वर्षांपूर्वीं, किंवा त्याहूनहि आधीं, जलाशयाच्या तळाशीं गाळाच्या रूपानें सांचलें आणि मग भूगर्भांतील उष्णतेनें व दाबानें त्याचा कठीण खडक बनला. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर यांनीं या जातीच्या एका खडकास गोंड लोकांच्या नांवावरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. पाण्यांत विरघळलेलें मँगनीज तळाशीं बसण्यास सामान्यतः प्राणवायु लागतो. जमिनीवर गवताचें पातें उगवण्यापूर्वींच प्राणवायु पाण्यांत व हवेंत जमूं लागला होता, हें अशा खडकांवरून कळतें. तो जमला म्हणूनच वर ओझोन घडला, आणि ओझोन घडला म्हणूनच पुढें प्राण्यांना पाण्याबाहेर येऊन उन्हांत वावरणें शक्य झालें.

जर सूर्य हा छताचा बांधणारा, तर बांधणाऱ्याच्या बळांत फरक पडल्यावर छताचें काय होतें? कारण सूर्याचें बळ नेहमीं सारखें नसतें. १८४३ सालीं श्वाबे या जर्मन निरीक्षकानें सूर्यावरील काळ्या डागांची संख्या ठराविक काळानें वाढते व घटते असें दाखविलें. हें चक्र सरासरी ११ वर्षांचें आहे. १९५७-५८ सालीं डागांचा मोठा भर होता. २००८-०९ सालीं सूर्यबिंब कित्येक दिवस निष्कलंक दिसे. आणि चालू चक्राचा भर २०२४ च्या सुमारास येऊन गेला. डाग काळे असले तरी त्यांच्या भोंवतालचा भाग अधिक प्रखर असतो. म्हणून डाग वाढले कीं सूर्याचें तेज घटत नाहीं, उलट वाढतें.

तें किती वाढतें, हें मात्र उपग्रहांतून मोजतां येऊं लागल्यावरच नेमकें समजलें. सूर्याच्या एकंदर तेजांत डागांच्या भरामुळें पडणारा फरक हजारांत एक, म्हणजे ०.१ टक्का इतकाच असतो. तेवढ्यानें चिखल्याच्या उन्हाचा ताप कोणास वाढल्यासारखा वाटणार नाहीं. परंतु हा फरक सर्व रंगांत सारखा वाटलेला नसतो. दृश्य प्रकाशांत तो नगण्य, आणि २०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ज्या किरणांनीं प्राणवायु फुटतो त्यांत, ६ ते ८ टक्के असतो. म्हणजे डोळ्याला जो सूर्य अचल दिसतो, तोच ओझोनच्या कारखान्यास लागणाऱ्या किरणांच्या बाबतींत बराच चंचल आहे.

यावरून सूर्य भरांत असतां ओझोन वाढावा, असें अनुमान निघतें. आणि मोजणी त्यास दुजोरा देते. डागांच्या ओहोटीपासून भरतीपर्यंत जगाचा एकंदर ओझोन सुमारें २ ते ३ टक्क्यांनीं वाढतो. चिखल्यावर याचा अर्थ असा कीं, छताची जाडी एक मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी, किंवा त्याहून किंचित् अधिक वाढते. यांतून एक गंमतीची गोष्ट निष्पन्न होते. कातडी भाजणारे जे किरण भूमीपर्यंत येतात, ते ३०० नॅनोमीटरच्या पुढचे. सूर्याच्या चढउतारानें त्यांच्यांत जवळजवळ फरक पडत नाहीं. उलट वरचें छत जाड झाल्यामुळें ते कांहींसे कमीच येतात. सूर्य जेव्हां अधिक खवळलेला असतो, तेव्हां खालच्या माणसाचें संरक्षण किंचित् अधिक होतें. अर्थात् हा फरक ढगाच्या एका पदरानें किंवा दुपार तासभर कलल्यानें पडणाऱ्या फरकाहून पुष्कळच लहान आहे.

येथवर सूर्याच्या प्रकाशाचा विचार झाला. परंतु सूर्य केवळ प्रकाशच पाठवीत नाहीं; कधीं कधीं त्याच्यावर प्रचंड स्फोट होऊन विद्युत्भारित कणांचे लोंढे बाहेर पडतात. १ सप्टेंबर १८५९ रोजीं कॅरिंग्टन या निरीक्षकानें इंग्लंडमध्यें असा एक स्फोट डोळ्यांनीं पाहिला; दुसऱ्याच दिवशीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतील चुंबकीय उपकरणांनीं असाधारण उलथापालथ दाखविली, आणि त्या नोंदी शास्त्रज्ञ अद्यापि अभ्यासतात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून हें चुंबकीय निरीक्षण १९०४ सालीं अलिबागला हलविण्यांत आलें, तें तेथें पुढें चालू राहिलें.

हे कण ओझोनच्या बाबतींत प्रकाशाच्या अगदीं उलट वागतात. त्यांच्या माऱ्यानें हवेंतील नत्रवायूचे रेणु फुटून नत्राची ऑक्साइडें तयार होतात, आणि तीं ओझोन मोडतात. हें मोडण्याचें कौशल्य चिखल्याच्या परिसरांतील एका वस्तूनें सहज समजावून देतां येतें. चिखल्याच्याच तालुक्यांत डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून बॅटऱ्यांच्या कामीं येणारें मँगनीज डायऑक्साइडचें खनिज निघतें. या काळ्या भुकटीवरून ओझोनमिश्रित हवा जाऊं दिली, तर ओझोनचा साधा प्राणवायु होऊन जातो, आणि भुकटी मात्र होती तशीच राहते. हवेंतील ओझोन मोजणाऱ्या यंत्रांत हाच पदार्थ वापरतात: हवेचा एक झोत त्यावरून नेऊन ओझोनरहित करतात, दुसरा तसाच ठेवतात, आणि दोहोंत अतिनील प्रकाश किती शोषला गेला यांतील फरकावरून ओझोनचें प्रमाण काढतात. स्वतः न झिजतां दुसऱ्याचें रूपांतर घडवून आणणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. आकाशांत नत्राचें ऑक्साइड हेंच करतें. तें ओझोनमधून एक परमाणु हिसकावतें, तो दुसऱ्या मोकळ्या परमाणूच्या हवालीं करतें, आणि पुढच्या ओझोनकडे वळतें. म्हणून थोडासा उत्प्रेरक पुष्कळ ओझोनचा नाश करूं शकतो.

४ ऑगस्ट १९७२ रोजीं सूर्यापासून अशा कणांचा फार मोठा लोंढा आला. त्या वेळीं ‘निंबस-४’ हा उपग्रह ओझोन मोजीत होता. ध्रुवांकडील प्रदेशावर स्थितांबराच्या वरच्या भागांतील ओझोन एकदम घटल्याचें त्याच्या नोंदींत आढळून आलें. १९८९ आणि २००३ सालच्या सौर स्फोटांनंतरहि असेंच घडलें. तथापि त्या उंच भागांत मुळांत ओझोन थोडाच असल्यामुळें एकंदर जाडींत पडलेली घट लहान होती.

चिखल्यास या माऱ्याची भीति नाहीं. कण विद्युत्भारित असल्यामुळें पृथ्वीचें चुंबकत्व त्यांना वळवून ध्रुवांकडे नेतें. चुंबकीय विषुववृत्ताजवळ असलेल्या भारतावर तें कुंपण अतिशय बळकट आहे. अशा रीतीनें सूर्याच्या चढउताराचे ओझोनवर दोन परिणाम होतात: प्रकाशाचा परिणाम संथ, सर्व जगावर होणारा आणि ओझोन वाढविणारा, कणांचा परिणाम आकस्मिक, ध्रुवांपुरता आणि ओझोन घटविणारा. चिखल्याच्या वांट्यास मुख्यतः पहिलाच येतो.

दोन-तीन टक्क्यांच्या या हिशेबाची एवढी चिकित्सा कशासाठीं, असा प्रश्न सुज्ञ श्रोत्यांच्या मनांत आला असेल. त्याचें उत्तर एका मोठ्या वादांत आहे. १९७४ सालीं मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं इशारा दिला कीं, शीतकपाटांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायु स्थितांबरांत जाऊन फुटतील, आणि त्यांतून निघालेला क्लोरीन उत्प्रेरक होऊन ओझोन नष्ट करील. हे वायु बनविणें हा मोठा उद्योग होता. ओझोन खरोखरच घटतो आहे काय, हें पाहण्यासाठीं १९७८ च्या अखेरीस ‘निंबस-७’ हा उपग्रह सोडण्यांत आला. पण त्या वेळीं सूर्य आपल्या भराच्या जवळ होता. त्यानंतर १९८६ पर्यंत तो ओसरत गेला; म्हणजे माणसानें कांहींहि केलें नसतें, तरीहि त्या वर्षांत ओझोन थोडासा घटलाच असता. त्यांत भर म्हणजे १९८२ सालीं मेक्सिकोंतील एल चिचोन आणि १९९१ सालीं फिलिपिन्समधील पिनाटुबो या ज्वालामुखींचे उद्रेक झाले. दोन्ही उद्रेक डागांच्या भरानंतर लवकरच झाल्यामुळें, घट किती सूर्याची आणि किती ज्वालामुखीची, याचीहि गुंतागुंत झाली.

या अवस्थेंत दोष कोणाचा हें ठरविणें म्हणजे केवळ पंडितांचा वाद नव्हता. दोष सूर्याचा असता, तर माणसानें कांहींच करावयाचें नव्हतें. ११ वर्षांनीं छत आपोआप सांधलें गेलें असतें. दोष माणसाचा असेल, तर थांबण्यांत गेलेलें प्रत्येक वर्ष महागांत पडणार होतें. १९८५ सालीं फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनीं अंटार्क्टिकांतील हॅली बे येथें वसंत ऋतूंत ओझोन भयंकर घटल्याचें जाहीर केलें. तेव्हां कांहीं शास्त्रज्ञांनीं प्रामाणिकपणें असाहि तर्क मांडला कीं, सूर्याच्या भराच्या काळांत तयार झालेलीं नत्राचीं ऑक्साइडें खालीं उतरून हा नाश करीत असावींत.

हा तर्क पारखतां येण्याजोगा होता. तो खरा असेल, तर ओझोन घटलेल्या हवेंत नत्राचीं ऑक्साइडें विपुल सांपडलीं पाहिजेत. आणि क्लोरीन दोषी असेल, तर क्लोरीनचें ऑक्साइड सांपडलें पाहिजे. १९८६ व १९८७ सालीं अंटार्क्टिकास गेलेल्या पथकांनीं जमिनीवरून आणि विमानांतून मोजणी केली. नत्राचीं ऑक्साइडें नेहमींपेक्षांहि कमी निघालीं, आणि क्लोरीनचें ऑक्साइड अनेक पटींनीं अधिक निघालें. सूर्यावरील आरोप खोटा ठरला. पुढें डागांची ओहोटी आली आणि गेली, तरी अंटार्क्टिकावरील विवर दर वसंतांत पडतच राहिलें.

उर्वरित जगाचा हिशेब अधिक नाजूक होता. तेथें जमिनीवरील केंद्रांच्या जुन्या नोंदी उपयोगीं पडल्या. १९८८ सालीं शास्त्रज्ञांच्या मंडळानें सौरचक्राचा व इतर नैसर्गिक कारणांचा भाग वजा करून जाहीर केलें कीं, ३० ते ६४ उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यांत १९६९ ते १९८६ या काळांत ओझोन १.७ ते ३ टक्क्यांनीं घटला आहे. हा आंकडा सूर्याच्या चढउताराच्या आंकड्याएवढाच आहे, हें ध्यानांत घ्यावें. सूर्याचा वांटा नेमका ठाऊक नसता, तर माणसाचा वांटा त्याच्या आड सहज लपून गेला असता. एकाचा परिणाम ११ वर्षांनीं परत फिरतो, आणि दुसऱ्याचा सांचत जातो; हा भेद एक-दोन वर्षांच्या मोजणीनें दिसत नाहीं.

माणसाचा दोष ओळखला गेला, म्हणूनच उपायहि करतां आला. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं मॉन्ट्रियल येथें या वायूंवर निर्बंध घालणारा करार झाला. भारत १९९२ सालीं त्यांत सामील झाला, आणि येथील शीतकपाटांतूनहि जुने वायु हळूहळू हद्दपार झाले. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणें जगाच्या बहुतेक भागावर ओझोन १९८० च्या पातळीस सुमारें २०४० पर्यंत, आणि अंटार्क्टिकावर सुमारें २०६६ पर्यंत परत येईल. या वाटचालींतहि सूर्याची भरतीओहोटी मध्यें येणारच. डागांच्या ओहोटींत सुधारणा अडल्यासारखी वाटेल आणि भरतींत ती वेगानें झाल्यासारखी वाटेल. ज्याला चक्र ठाऊक आहे तो पहिल्यानें निराश होणार नाहीं, आणि दुसऱ्यानें हुरळून बेफिकीर होणार नाहीं.

सूर्य हा या कवचाचा मूळ बांधणारा आहे. त्याच्या हाताचा वेग कमीअधिक होतो, आणि तो कोणाच्याहि आवरण्यांतील नाहीं. कवचास माणसानें पाडलेलीं छिद्रें मात्र माणसाच्याच आवरण्यांतील होतीं, आणि आहेत. या दोहोंतील सीमारेषा आखण्याचें काम कोडाईकनालच्या टेकडीवर, पुण्याच्या वेधशाळेंत आणि हॅली बेच्या बर्फांत दररोज न चुकतां आंकडा लिहून ठेवणाऱ्यांनीं केलें. त्यांतील एकेक आंकडा क्षुल्लक होता; ते सगळे एकत्र आल्यावर निसर्गाचें काय आणि मनुष्याचें काय, याचा निवाडा करतां आला, आणि तो वेळीं करतां आला.